वाईट आहे असं तोंडावर सांगणारी खोली

परभणीत एका शिकवणीच्या हॉलमध्ये महिन्यातून दोन शनिवारी, रात्रीची शेवटची बॅच सुटली की आम्ही पंधरा-वीस जण फिल्म बघायला जमतो. पडदा नाही. सरांच्या पांढऱ्या बोर्डावरच प्रोजेक्टर मारायचा. बोर्ड कितीही पुसला तरी दिवसभरातलं काहीतरी मागे उरतंच, त्यामुळे जगातला कुठलाही सिनेमा आम्हाला थोड्याफार रसायनशास्त्रासकट दिसतो. त्या रात्री एका पोराची चौदा मिनिटांची शॉर्टफिल्म चालू होती आणि नायकाच्या कपाळावर बेंझीनचा षटकोन ठळक उमटला होता.

पोरगा जिंतूर तालुक्यातला. लग्नसराईत ऑर्डरी करतो, उरलेल्या दिवसांत दुसऱ्यांनी शूट केलेल्या लग्नांचं मिक्सिंग. (आमच्याकडे एडिटिंगला अजून मिक्सिंगच म्हणतात.) कॅमेरा स्वतःचा, गिंबल स्वतःचा, ड्रोन मित्राचा. फिल्म अशी: वरून दिसणारी भेगाळलेली जमीन, कोरडी विहीर, बँकेचा माणूस, बायकोच्या गळ्यातली पोत, लिंबाचं झाड, दोर. शेवटी काळ्या पडद्यावर दोन ओळी आणि त्यांच्यामागे यूट्यूबवरून उचललेली बासरी. टाळ्या पडल्या. मग मागे बसलेल्या एका जिल्हा परिषद शाळेच्या बाईंनी विचारलं, "तुझे वडील काय करतात रे?"

"गिरणी आहे आमची. पिठाची."

"मग हे कुठून आणलंस?"

पोरगा जरा गडबडला, पण खरं ते बोलला. "स्पर्धेत हेच चालतंय मॅडम."

शेतकऱ्यांच्या आत्महत्या मराठवाड्यात होत नाहीत असं कोण म्हणेल? ज्याच्या घरात ती घडली त्यानं ती फिल्म जरूर करावी, आणि त्याला ती कशी करायची हे शिकवायला जायची आपली लायकीही नसते. पण ज्यानं ती जवळून पाहिलेली नाही त्यानंही तीच करायची, कारण परीक्षकाला मराठवाडा म्हटलं की दोर आणि दुष्काळ एवढंच आठवतं, हा नकलेचा धंदा झाला. भाषेचं बघा. उदगीरचा मुलगा घरात "काय करूलालास" म्हणतो आणि संवाद लिहायला बसला की त्याचं पात्र "काय रं, आरं ए" करायला लागतं. ही बोली उदगीरची नाही, खरी कोल्हापूरचीही नाही. ती फक्त सिनेमातल्या खेड्यात बोलली जाते. ऊसतोडीवरच्या डझनभर फिल्मा मी पाहिल्या असतील. कोयता दिसतो, फड दिसतो, पाचटात झोपवलेलं लेकरू दिसतं. पण मुकादमाच्या हिशेबात नवरा-बायको मिळून 'एक कोयता' धरतात, माणसांची मोजणी हत्यारानं होते, हे मी एकाही फिल्ममध्ये ऐकलं नाही. आणि त्यातली निम्मी पोरं तर बीड जिल्ह्यातलीच होती. त्यांना तो शब्द माहीत नव्हता असं थोडंच आहे! रोज कानावर पडतो म्हणून तो सिनेमात घालण्यासारखा आहे हे त्यांना कुणी सुचवलं नव्हतं.

सुचवणार कोण? घरचे म्हणतात छान झालं, आता नोकरीचं बघ. मित्र व्हॉट्सअॅपवर "भावा, खतरनाक" लिहितात. स्पर्धेत प्रवेश फी भरायची, निकालाच्या दिवशी गाडी करून जायचं, मालिकेतल्या कुणा पाहुण्याच्या हस्ते कुणाला तरी ट्रॉफी मिळते, फोटो होतात. आपली फिल्म का गेली आणि दुसऱ्याची का आली, हे परीक्षकांनी पाच मिनिटं बसून सांगितलंय असं मी क्वचित पाहिलं. गणिताचा पेपरसुद्धा तपासून परत देतात.

म्हणून माझं म्हणणं असं की मराठवाड्यातल्या होतकरू दिग्दर्शकाला कॅमेरा कमी पडत नाही, आणि सुरुवातीला तर पैसाही नाही. त्याला कमी पडते ती एक खोली. त्याच्या तालुक्यात, त्याच्या ओळखीच्या माणसांची, जिथं चांगला सिनेमा नियमित बघितला जातो आणि याची फिल्म वाईट असेल तर ती वाईट आहे हे तोंडावर आणि कारणासकट सांगितलं जातं. आधी ती खोली, मग अनुदान. आपण उलटं धरून बसलो आहोत.

आपल्याकडे चित्रपटाबद्दल सार्वजनिक मागणी निघाली की ती चित्रनगरीची निघते. गोरेगावला आहे, कोल्हापूरला आहे, मग आम्हाला का नाही? मराठवाड्याचा अनुशेष हा शब्द आमच्या तोंडात इतका बसलाय की कुठल्याही गोष्टीची मागणी आम्ही त्याच साच्यात करतो: तिकडे दोन आहेत, इकडे शून्य. पण चित्रनगरी म्हणजे शेवटी भाड्यानं द्यायची जागा. ती झाली तर मुंबईची युनिटं येतील, लॉजं भरतील, केटरिंगवाल्याला काम मिळेल, ते बरंच आहे. सेलूच्या पोराला मात्र तिच्या फाटकावर सुरक्षारक्षकाची नोकरी मिळेल.

महोत्सवांचं तसं नाही. छत्रपती संभाजीनगरचा अजिंठा-वेरूळ आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव मी रजा टाकून बघतो. २०२४ला तिथं पद्मपाणी पुरस्कार जावेद अख्तरांना मिळाला, २०२५ला सई परांजप्यांना. आपल्या गावच्या पोरांना ही माणसं पंचवीस फुटांवरून ऐकायला मिळाली ही लहान गोष्ट नाही. पण महोत्सव वर्षातले मोजके दिवस असतो, आणि किनवटहून संभाजीनगर म्हणजे रात्रभराची गाडी. जत्रेत पोटभर खाल्लं म्हणून वर्षभर चूल पेटवायची थांबत नाही.

राहिलं अनुदान. राज्य सरकार 'अ' दर्जाच्या मराठी चित्रपटाला ४० लाख आणि 'ब' दर्जाला ३० लाख देत आलं आहे. योजनेनं अनेकांना बुडता बुडता वाचवलं, तिला नावं ठेवायचा माझा हेतू नाही. पण हे पैसे सिनेमा पूर्ण होऊन, सेन्सॉर होऊन, समितीनं दर्जा दिल्यावर मिळतात. म्हणजे आधी पूर्ण लांबीचा सिनेमा काढायची ऐपत हवी. ती नसेल तर काय करायचं याचं उत्तर आपल्या वर्तमानपत्रांनी केव्हाच देऊन ठेवलंय: जमीन विकायची. 'शेती विकून सिनेमा काढला' ही बातमी आपण किती कौतुकानं छापतो! ज्यांनी विकली आणि सिनेमा चालला त्यांची नावं आपल्याला पाठ आहेत. ज्यांनी विकली आणि सिनेमा डब्यातच राहिला, त्यांच्या गावात जाऊन कुणी बातमी करत नाही. तीन एकरांपैकी दोन एकर गेल्यावर बाप पोराशी काय बोलतो, हीसुद्धा एक फिल्म आहे खरं तर.

हे सगळं मी तक्रार म्हणून लिहीत नाही, कारण तोंडावर सांगणारी खोली मराठवाड्यानं याआधी उभी केली आहे. सिनेमासाठी नाही, इतर गोष्टींसाठी.

वली आणि सिराज या औरंगाबादी शायरांच्या शहरात 'इस्लाह' हा शब्द नवा नाही. शागिर्दानं आपली ग़ज़ल उस्तादासमोर ठेवायची आणि उस्तादानं ती दुरुस्त करायची: हा मिसरा लंगडा आहे, हा शब्द भरतीचा आहे, हा शेर दुसऱ्याचा वाटतो. त्यात अपमान कुणाला वाटत नसे, उलट कुणाची इस्लाह घेतली हे अभिमानानं सांगितलं जाई. किंवा 'अस्मितादर्श' घ्या. नागसेनवनातल्या मिलिंद महाविद्यालयाच्या वातावरणातून निघालेलं, गंगाधर पानतावणे यांनी चालवलेलं हे नियतकालिक नुसतं छापून थांबलं नाही. त्याचे लेखक-वाचक मेळावे गावोगाव भरले. खेड्यातून पहिल्यांदा कविता घेऊन आलेला पोरगा तिथं उभा राहून वाचायचा आणि खाली बसलेली माणसं त्याला काय ते सांगायची. दलित साहित्याची एक पिढी अशा मांडवांत घडली. त्यासाठी कुणी साहित्यनगरी बांधली नव्हती.

नाटकाचं तर आपण डोळ्यांनी पाहिलंय. विद्यापीठाचा नाट्यशास्त्र विभाग, प्रा. लक्ष्मण देशपांडे यांच्यासारखी माणसं, युवक महोत्सव, राज्य नाट्य स्पर्धेची केंद्रं, या सगळ्यांतून किती नट-दिग्दर्शक निघाले ते सांगायला नको. चंद्रकांत कुलकर्णी, प्रशांत दळवी आणि 'जिगीषा' या नाट्यसंस्थेची मंडळी औरंगाबादेतूनच मुंबईला गेली. पण नाटकात एक गोष्ट अशी आहे जी शॉर्टफिल्ममध्ये नाही, आणि माझ्या मते सगळी गोम तिथं आहे. नाटकाला तालीम असते. महिनाभर रोज संध्याकाळी दहा-बारा जणांसमोर तुमचं वाक्य पडतं किंवा उभं राहतं. प्रकाशयोजना करणारा दारात उभं राहून म्हणतो, "हा प्रवेश लांबलाय." विंगेतला पोरगा जांभई देतो. प्रयोगाआधीच तुम्हाला पन्नासदा कळलेलं असतं की कुठं चुकतंय. शॉर्टफिल्म दोघा मित्रांत शूट होते, रात्री एकट्यानं खोली बंद करून एडिट होते आणि पहाटे चारला अपलोड होते. पहिला प्रेक्षक ती बघतो तेव्हा दुरुस्तीची वेळ गेलेली असते. कॅमेरा स्वस्त झाला याचा आनंद आहेच, पण त्या स्वस्ताईत सिनेमाची तालीम हरवली.

अशी खोली मिळाली तर काय होतं याचं उदाहरण फार लांब शोधायला नको. करमाळा तालुक्यातल्या जेऊरच्या नागराज मंजुळेंनी 'पिस्तुल्या' केला तो अहमदनगरच्या महाविद्यालयात जनसंज्ञापनाचं शिक्षण घेताना. त्या लघुपटाला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. पुढचं सगळ्यांना माहीत आहे, आणि त्या पुढच्याचीच चर्चा जास्त होते. मला मागचा भाग महत्त्वाचा वाटतो: मुंबई-पुण्याच्या कुठल्या मोठ्या संस्थेत नव्हे, जिल्ह्याच्या गावातल्या कॉलेजात एक वर्ग होता, तिथं कुणीतरी सिनेमा दाखवत होतं, त्यावर बोलत होतं, आणि करून आणा म्हणत होतं. प्रतिभा त्या वर्गानं दिली नाही, पण तिला बसायला बाक दिला.

कर्नाटकात सागरजवळ हेग्गोडू नावाचं गाव आहे, सुपारीच्या बागांचं. तिथं १९४९ साली नीनासम ही नाट्यसंस्था निघाली. के. व्ही. सुब्बण्णांनी १९७०च्या दशकात तिला फिल्म सोसायटीची जोड दिली आणि जगातला नावाजलेला सिनेमा बागायतदारांना, मजुरांना, शाळामास्तरांना दाखवायला सुरुवात केली. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये चित्रपट रसास्वाद शिकवणारे सतीश बहादूर तिथं जाऊन शिबिरं घेत. खेड्यातल्या माणसाला सबटायटलवाला सिनेमा काय कळणार, हा प्रश्न तिथं पन्नास वर्षांपूर्वी निकालात निघाला. सुब्बण्णांना १९९१ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला. आपण अजून तोच प्रश्न विचारतोय.

दुसरं उदाहरण तर आमच्या वेशीवरचं. उदगीरहून बिदर ओलांडलं की जहीराबाद फार लांब नाही. त्या भागात डेक्कन डेव्हलपमेंट सोसायटीच्या संघमांमधल्या, म्हणजे गावोगावच्या महिला गटांमधल्या, बायकांनी, बहुतेक दलित, कोरडवाहू शेती करणाऱ्या, अनेकींना लिहिता-वाचता न येणाऱ्या, पंचवीस वर्षांपूर्वी व्हिडिओ कॅमेरा हातात घेतला. वारंगळकडच्या बीटी कापसाचं काय झालं, याचा वर्षानुवर्षं पाठपुरावा करून त्यांनी फिल्मा केल्या. मला त्यातली सगळ्यात मोलाची गोष्ट वेगळीच वाटते. लो अँगल, हाय अँगल ही नावं त्यांनी पाठ केली नाहीत. डोळ्याला डोळा भिडवून, एका पातळीवरून घेतलेल्या शॉटला त्या 'संघम शॉट' म्हणू लागल्या, कारण संघममध्ये सगळ्या एका पातळीवर बसतात. वरून खाली आणि खालून वर बघणाऱ्या कोनांना त्यांनी नावं दिली ती जमीनदार आणि गुलाम यांच्या नात्यावरून. फिल्म स्कूलच्या पहिल्या सहामाहीत जे शिकवायला आठवडा लागतो ते तीन शब्दांत आलं, आणि त्यात राजकारणही आलं. आमच्या पोराच्या ड्रोनला असं नाव द्यायचं तर काय द्यावं? बहुधा 'पाहणी दौरा शॉट'.

आणि पैशाचं म्हणाल तर केरळात जॉन अब्राहम नावाचा दिग्दर्शक होऊन गेला. (हिंदीतला नव्हे, गुगल केलं तर आधी तोच येतो.) १९८४ साली त्यानं आणि त्याच्या मित्रांनी 'ओडेसा' नावाचा गट काढला. गावोगाव जाऊन चॅप्लिनचा 'द किड' दाखवायचा आणि समोर झोळी फिरवायची. अशा वर्गणीतून १९८६ साली 'अम्मा अरियान' हा सिनेमा उभा राहिला. वर्गणी हा शब्द मराठवाड्यातल्या माणसाला समजावून सांगायची गरज नाही. दहा दिवसांच्या गणपतीला एका चौकातून जेवढी जमते तेवढ्यात माझ्या ओळखीच्या तीन पोरांच्या फिल्मा होतील. केरळ सरकार आज महिला आणि अनुसूचित जाती-जमातींतल्या दिग्दर्शकांना सिनेमा करायला दीड कोटीपर्यंत देतं आणि २०२४ साली त्या सरकारनं स्वतःचं ओटीटीही काढलं, याचं आपल्याकडे कौतुक होतं. पण त्याआधी दिग्दर्शक अडूर गोपालकृष्णन यांच्या 'चित्रलेखा' फिल्म सोसायटीपासून, म्हणजे १९६५पासून, तिथं फिल्म सोसायट्यांचं जाळं विणलं गेलं होतं हे आपण विसरतो. सरकारला चांगला सिनेमा मागणारे प्रेक्षक आधी तयार झाले, निधी मागून आला.

मग इथं खोली आणायची कुठून? बांधायला नको, ती आहेच. तालुक्याचं सार्वजनिक वाचनालय. राज्यात १९६७चा ग्रंथालय कायदा आहे, अ-ब-क-ड वर्ग आहेत, तुटपुंजं का असेना पण दरसाल अनुदान आहे, कार्यकारी मंडळ आहे, खुर्च्या आहेत, आणि संध्याकाळी सातनंतर बहुतेक ठिकाणी स्पर्धा परीक्षेची चार पोरं सोडली तर शुकशुकाट आहे. मराठवाड्यातल्या वाचनालयांना तर वेगळा इतिहास आहे. निजामाच्या राज्यात सभा घ्यायची चोरी होती तेव्हा पुस्तकांच्या निमित्तानं माणसं तिथंच एकत्र बसत. त्या खोलीत महिन्यातून दोनदा सिनेमा लावायला काय हरकत आहे?

हिशेब करून बघू. बरा प्रोजेक्टर, दोन स्पीकर, एक गुंडाळायचा पडदा, दोन कॉलर माइक, एक साउंड रेकॉर्डर, एडिटिंग पेलणारा एक संगणक. बाजारात चौकशी करून मी दोन लाखांचा आकडा धरतो. मराठवाड्यात आठ जिल्ह्यांत मिळून ७६ तालुके. म्हणजे एक कोटी ५२ लाख. 'अ' दर्जाच्या चार सिनेमांच्या अनुदानापेक्षा आठ लाखांनी कमी, आणि तेही एकदाच. यादीत मी कॅमेरा मुद्दाम धरलेला नाही, तो प्रत्येकाच्या खिशात आहे. माइक आणि रेकॉर्डर मात्र धरलेत, कारण आमच्या पोरांच्या फिल्मांत आवाजाची दैना असते. मोबाइलवर वारा घोंगावतो, मग ते सगळा आवाज काढून टाकतात आणि वर पियानो ओततात. गावाचा आवाजच गावाच्या फिल्ममधून गायब. सकाळची होल्याची घूं घूं, लाइट आल्याबरोबर एकदम सुरू होणाऱ्या मोटारी, मशिदीची अजान आणि देवळातली काकडआरती एकमेकांत मिसळणं, यांतलं काही उरत नाही.

वस्तूंपेक्षा अवघड आहे ते माणूस. दर दोन-तीन महिन्यांनी एखादा कसलेला संकलक, एखादी ध्वनिमुद्रक बाई चार दिवस तालुक्याला येऊन राहिली पाहिजे. व्याख्यानाला नको, व्याख्यानं आम्ही पुष्कळ ऐकली. पोरांनी शूट केलेलं मांडीवर घेऊन बसायचं आणि त्यांच्यादेखत कापायचं. विद्यापीठांचे माध्यम विभाग संभाजीनगरला आहेत, नांदेडला आहेत, तिथली शिकती मुलं या कामाला लावता येतील. आणि पैसा द्यायचाच असेल तर दुसऱ्या फिल्मला द्या. पहिली फिल्म उत्साहात होऊन जाते, ती स्वतःच्या खिशातून आणि मित्रांच्या उधारीवर होते, तशीच व्हावी. दुसरीच्या वेळी लग्न झालेलं असतं, उधारी फिटलेली नसते. तिथं पन्नास हजार रुपये दिले तर एक दिग्दर्शक वाचतो. अट एकच घाला: ती फिल्म आधी आपल्या तालुक्यातल्या पाच गावांत दाखवायची आणि लोक काय म्हणाले ते ऐकून घ्यायचं.

सरकारी पैसा आला की काय होईल, ते मलाही दिसतं. उद्घाटनाला मंत्री, पडद्यापेक्षा मोठं बॅनर, लाभार्थ्यांची यादी, त्या यादीत सरपंचाचा भाचा. म्हणून जिल्हा नियोजनातून यंत्रसामग्री घ्यावी, पण कुठला सिनेमा लावायचा हे त्या खोलीत जमणाऱ्या फिल्म क्लबच्या सभासदांनी ठरवावं आणि त्यासाठी प्रत्येकानं महिना वीस रुपये का होईना, भरावेत. वीस रुपये भरलेला माणूस हक्कानं नावं ठेवतो.

यूट्यूबवर सगळं शिकता येतं, हे मला दर वेळी कुणीतरी ऐकवतं. येतं की. एक्सपोजर, कलर, कट कसा मारायचा, सगळं. पण यूट्यूबला तुमच्या वडिलांची गिरणी आहे हे माहीत नाही.

त्या पोराचं सांगतो. सहा-सात महिन्यांनी तो परत आला, नऊ मिनिटांची नवी फिल्म घेऊन. गिरणीतली. पट्ट्याची फटफट, रांगेत लावलेले दळणाचे डबे, प्रत्येक डब्याच्या झाकणावर खडूनं लिहिलेलं नाव. बाप दगडाला टाकी लावतोय, पापण्यांवर पीठ बसलंय, हातातली छिन्नी एका लयीत पडतेय. ज्वारी आहे की गहू हे तो न बघता आवाजावरून सांगतो, आणि तोच बाप आता कानानं कमी ऐकायला लागलाय, त्यामुळे पोरगा शेजारी उभा राहून त्याला ओरडून सांगतो. फिल्म थोर नव्हती. अर्ध्या ठिकाणी गिरणीच्या आवाजात बोलणं बुडालं होतं, आणि शेवटी त्याला राहवलं नाही, बासरी आलीच. पण नऊ मिनिटं कुणी मोबाइल काढला नाही. त्याच बाई म्हणाल्या, "पट्टा सुटतो तेव्हा एकदम शांतता होते ना, ती ठेवायची होतीस. तिथंच बासरी घातलीस." पोरगा मान खाली घालून ते वहीत लिहून घेत होता. पुढे ती फिल्म त्यानं तीन स्पर्धांना पाठवली. कुठंच लागली नाही. एका ठिकाणाहून फोनवर कळलं की विषय सामाजिक नाही.

आमच्या खोलीचं फार कौतुक करून घ्यायचं नाही मला. निवडणुकीच्या काळात ती तीन महिने बंद होती, कारण प्रोजेक्टर ज्याचा होता तो प्रचाराच्या गाडीवर गेला. आणि बायका किती येतात? चार, फार तर पाच. रात्री साडेआठला परभणीत सिनेमा बघायला घराबाहेर पडणं एखाद्या मुलीसाठी काय असतं, हे आम्हा पुरुषांच्या लक्षात यायला वर्ष गेलं. एकीनं सरळ सांगितलं, "सर, रविवारी दुपारी ठेवा, नाहीतर आम्हाला बोलावत जाऊ नका." आता एक खेळ दुपारी असतो, पडदे लावून, उकाड्यात.

आणखी एक गोष्ट, जी लिहावी की नाही याचा मी विचार केला. गेल्या काही वर्षांत आमच्याकडे वातावरण फार कडू झालंय. आरक्षणाच्या प्रश्नावर गावंच्या गावं दुभंगली. माणसं आडनाव विचारून चहा प्यायला लागली आहेत. अशा वेळी जातीवरची एखादी फिल्म लावली की खोलीतली हवा बदलते, हे मी अनुभवलंय. एकदा दोघे उठून गेले. पुढच्या शनिवारी त्यांतला एक परत आला आणि मागच्या खुर्चीवर बसला, काही बोलला नाही. सिनेमानं माणसं बदलतात असल्या गप्पा मी मारणार नाही. पण आमच्या तालुक्यात मराठे, बौद्ध, वंजारी, मुसलमान, लिंगायत दोन तास एका अंधारात शेजारी शेजारी बसलेत अशा दुसऱ्या जागा आता मला पटकन आठवत नाहीत. एसटी सोडून.

शेवटचा आक्षेप नेहमीचा: शिकवून काय उपयोग, चांगला निघाला की तो पुण्या-मुंबईला जाणारच. जाऊ द्या ना. जिंतूरचा पोरगाही गेलाच. पुण्यात कॉट बेसिसवर राहतो, एका संकलकाच्या हाताखाली काम करतो, दिवसा जाहिराती कापतो. पण गेल्या दिवाळीत तो गावी आला तेव्हा हार्डडिस्क घेऊन आला. नवी फिल्म, अजून कच्ची, तेवीस मिनिटांची. मी म्हटलं, तिथं इतकी जाणती माणसं आहेत, त्यांना दाखव की. म्हणाला, "दाखवली सर. सगळे छान म्हणालेत."

शनिवारी तो सगळ्यांच्या आधी हॉलवर येऊन बसला होता. मी पोहोचलो तेव्हा पाण्यात फडकं भिजवून सरांचा बोर्ड घासून घासून पुसत होता.